उडी हातात बसली पाहिजे

कप्पीजवळ आवाज फुटत होता. पडद्यावर सगळं सुरळीत होतं. गेममधला पोरगा पळत येतो, दोराला लटकतो, कप्पी फिरते, तो पलीकडच्या फळीवर उतरतो. पण लटकला रे लटकला की कानात बारीकसा ‘टक’. संगीत थांबत नाही, सूर ढळत नाही, नुसता टक. शेजारच्या सहकाऱ्याला हेडफोन दिला तर तो म्हणाला, ‘‘दोराचाच आवाज आहे की.’’ दोराचा आवाज मला पाठ होता. तो करकरतो. हा टक कोरडा होता, ध्वनीची लाट मध्येच कापली की येतो तसा.

मी पुण्यात कन्सोलवरचे गेम तपासते. परदेशी स्टुडिओंचे गेम बाजारात जाण्याआधी आमच्याकडे येतात. आम्ही त्यांतले बग शोधतो, ते पुन्हा पुन्हा घडवून पाहतो आणि नीट लिहून परत पाठवतो. करार असल्यामुळे या गेमचं नाव सांगता येत नाही, प्रकार सांगता येतो. हा प्लॅटफॉर्म गेम होता. पळायचं, उडी मारायची, कडा धरायची, पडलं की पुन्हा मागून सुरुवात. मारियोचा गेम खेळलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. माझ्याकडे त्यातली दोन कामं होती: गेम किती सफाईनं चालतो ते पाहणं, आणि तो कसा ऐकू येतो ते पाहणं. बऱ्याच ठिकाणी ही दोन कामं दोन वेगळ्या माणसांकडे असतात. ती एकाच माणसाकडे असावीत असं माझं ठाम मत आहे, आणि ते त्या कप्पीमुळे पक्कं झालं.

आधी संगीत बंद करून पाहिलं. टक तसाच. मग पळत जायच्या ऐवजी चालत गेले. तेव्हा टक कप्पीपाशी आलाच नाही, अलीकडे पडक्या भिंतीपाशी आला. मध्येच थांबून, रमतगमत गेले तर आणखी तिसरीकडे. म्हणजे कप्पीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. जागा बदलत होती, वेळ बदलत नव्हती. मागच्या दगडी कमानीखालून गेलं की ठरावीक वेळानं टक यायचा, पोरगा त्या वेळी कुठंही असो. कमान ओलांडली की गेम पुढचा भाग साठवणीतून उचलतो आणि उलगडायला घेतो. ते उलगडणं जिथं सर्वांत जड, तिथं टक.

कन्सोलचा आवाज सेकंदाला 48,000 नमुन्यांनी बनतो. गेम ते नमुने एकेक करून देत नाही, गठ्ठ्यानं देतो. 512 नमुन्यांचा गठ्ठा असेल तर तो 10.7 मिलिसेकंदांत वाजून संपतो, आणि तेवढ्या वेळात पुढचा गठ्ठा तयार असावाच लागतो. चित्राला थोडी सवलत असते. सेकंदाला 60 फ्रेम म्हणजे एका फ्रेमला 16.7 मिलिसेकंद. एखादी फ्रेम उशिरा आली तर टीव्ही आधीचीच फ्रेम पुन्हा दाखवतो आणि डोळा ते सहसा खपवून घेतो. स्पीकरला मात्र असं काही धरून ठेवता येत नाही. गठ्ठा आला नाही की लाट तुटते, आणि कान ती तूट लगेच पकडतो.

फ्रेमचा आलेख लावून पाहिला तर नेमक्या त्याच क्षणी 16 मिलिसेकंदांची फ्रेम अडतीसवर गेलेली. त्याबद्दल दुसऱ्या एका टेस्टरनं आधीच बग टाकला होता: ‘कप्पीपाशी चित्र अडखळतं.’ माझा बग आवाजाचा. दोन्ही वेगवेगळ्या टीमकडे गेले होते आणि दोन्ही टीमनी ‘आमच्याकडे घडत नाही’ म्हणून परत पाठवले होते. मी दोन्ही एकत्र बांधून, कमानीपासूनच्या वेळेसकट, चालत आणि पळत असे दोन व्हिडिओ जोडून पाठवले. उलगडण्याचं काम आवाज मिसळण्याच्या कामाच्याच प्रोसेसर-कोअरवर चाललं होतं आणि आवाजाच्या कामाला मागे सारून पुढे घुसत होतं. त्यांनी ते लहान तुकड्यांत पाडलं आणि दुसऱ्या कोअरवर नेलं. पुढच्या बिल्डमध्ये, म्हणजे गेमच्या पुढच्या आवृत्तीत, अडखळणंही गेलं, टकही गेला.

मोजणीतला एक आकडा मला कधीच आवडला नाही, तो म्हणजे सरासरी. ‘सरासरी 58 फ्रेम’ असं अहवालात वाचलं की वरच्या लोकांना हायसं वाटतं. पण मिनिटाला 3,600 फ्रेम हव्या असताना 3,480 मिळाल्या, तर हरवलेल्या 120 कुठं हरवल्या हे सरासरी सांगत नाही. प्लॅटफॉर्म गेममध्ये त्या हमखास उडीच्या जागी हरवतात, आणि त्याला कारण आहे. उडी ठेवलेली असते ती दरीवर. दरीपाशी कॅमेरा मागे सरकतो, पुढचा मोठा देखावा उघडतो, पक्षी उडतात, धबधबा दिसतो. कन्सोलवर सर्वांत जास्त भार पडतो तो नेमका तिथंच, आणि खेळणाऱ्याला सर्वांत अचूक हात लागतो तोही तिथंच. त्यापेक्षा एकसारख्या 30 फ्रेम परवडल्या. 33.3 मिलिसेकंदांचा ठेका एकदा हाताला कळला की हात त्यावर बसतो. कधी सोळा, कधी पन्नास असं चाललं की चांगला खेळणाराही स्वतःलाच दोष द्यायला लागतो. ‘माझीच उडी चुकली’ म्हणणारं पोर पाहिलं की मी आधी आलेख बघते.

चांगले गेम बनवणारे इथं खेळणाऱ्याला थोडी माया लावतात. कड्यावरून पाय सुटल्यावरही काही फ्रेम उडी मान्य करतात. या धंद्यात त्याला ‘कोयोटी टाइम’ म्हणतात. जमिनीला पाय टेकण्याआधी बटण दाबलं गेलं तर ते लक्षात ठेवून टेकल्या टेकल्या उडी देतात. खेळणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही. त्याला वाटतं, आपला हात बसला.

माझा हात बसला तो अंथुर्ण्यात. बारामतीहून इंदापूरला जाताना भवानीनगर, बेलवाडी, लासुर्णे, जंक्शन मागे टाकलं की आमचं गाव. दादाला बारामतीहून टीव्ही गेम आणला होता. टीव्हीच्या मागं अँटेनाच्या जागी वायर खोचायची, चॅनल जुळवायचा, कॅसेट लावायची. चालली नाही तर काढून फुंकर मारायची आणि पुन्हा लावायची. पहिला रिमोट दादाचा, दुसरा माझा, त्यामुळं माझी पाळी मारियो मेल्यावर. लाइट गेली की गेला डाव. लोडशेडिंगच्या वेळापत्रकावर आमचं खेळणं ठरायचं.

‘सुपर मारियो ब्रदर्स’ 1985 साली जपानमध्ये आला. कोजी कोंडो यांचं त्यातलं संगीत जगभर लोक गुणगुणतात. नोकरी लागल्यावर ऑफिसात एकदा मूळ गेम मूळ वेगानं चाललेला पाहिला आणि मला वाटलं, कुणीतरी गाणं पळवलंय. माझ्या मनातलं गाणं संथ होतं. शोध घेतला तेव्हा उलगडा झाला. जपान-अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला जवळजवळ 60 चित्रं दाखवायचा, आपल्याकडची पाल पद्धत 50. तो गेम आणि त्याचं संगीत दोन्ही चित्राच्या ठेक्यावर पुढं सरकतात. प्रत्येक चित्रामागे संगीताचं एक पाऊल. आपल्या बाजारात आलेली, आमच्याकडे होतं तसली नकली मशीनं पाल टीव्हीसाठी 50 वर चालायची, म्हणून धाव, उडी आणि गाणं सगळंच एक षष्ठांशानं मंद. सूर मात्र फारसा उतरत नाही, कारण स्वराची उंची प्रोसेसरच्या घड्याळावर ठरते आणि ते घड्याळ मूळच्यापेक्षा जेमतेम एक टक्का हळू असायचं. लय मंद, पट्टी जवळजवळ तीच. शिवाय बऱ्याच नकली चिपांमध्ये चौकोनी लाटेच्या दोन रूपांची अदलाबदल झालेली असायची, त्यामुळं तोच सूर जरा वेगळ्या पोताचा वाजायचा. आम्ही अंथुर्ण्यात ऐकलेला मारियो क्योटोतल्या पोरांनी ऐकलेला नव्हताच.

त्या मशीनकडे आवाजासाठी पाच वाटा होत्या: दोन चौकोनी लाटा, एक त्रिकोणी, एक खरखरीची आणि एक छोट्या ध्वनिमुद्रणांची. उडी मारली की उडीचा आवाज एक चौकोनी वाट अडवायचा आणि त्या वाटेवरचा संगीताचा सूर तेवढ्यापुरता गप्प व्हायचा. लहानपणी हे कळत नव्हतं, पण उडी मारली की गाणं थोडं पातळ होतं हे मात्र मी ऐकलेलं होतं. आजही एका वेळी किती आवाज वाजू शकतात याला मर्यादा असते, फक्त ती मोठी झाली. मग कुठला आवाज आधी गळायचा याचा क्रम लावावा लागतो. पाऊल गळालं तरी चालतं, पायाखालची फळी मोडण्याचा इशारा गळाला तर खेळणारा फसतो. हा क्रम लावताना टेस्टरला विचारलं जावं, यासाठी मी दर वेळी आग्रह धरते.

त्या जुन्या टीव्हीची एक गोष्ट आजच्या टीव्हीलाही साधत नाही. पिक्चर ट्यूबमध्ये चित्र साठवून सुधारण्याची भानगड नव्हती. मशीनमधून ओळ निघाली की किरण ती काचेवर काढायचा. बटण दाबल्यापासून उडी दिसेपर्यंत फार तर दोन-तीन चित्रांचा वेळ. आजचा टीव्ही चित्र आधी धरून ठेवतो, रंग खुलवतो, कडा धारदार करतो, हालचाल गुळगुळीत करण्यासाठी मधली चित्रं स्वतः तयार करतो आणि मग दाखवतो. सिनेमा बघताना याचं काही बिघडत नाही. गेम खेळताना उडी हातातून निसटते.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी मी गावी होते. तपासणीसाठीचं खास कन्सोल घरी आणता येत नव्हतं, म्हणून इतरांनी पाठवलेले व्हिडिओ बघून बग पडताळायचं काम माझ्याकडे होतं. त्याच वर्षी ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ आला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं अनरिअल इंजिनवर तो केला. 18 ऑगस्ट 2020 ला तो आधी निन्टेन्डो स्विचवर आला आणि ऑक्टोबरात प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि पीसीवर. राजी भिंतीवरून धावते, खांबावर चढते, कड्याला लटकते आणि आपल्या गोलू नावाच्या भावाला शोधते. हाताने रंगवलेल्या भिंती, बाहुल्यांच्या सावल्यांनी सांगितलेली गोष्ट, दुर्गा आणि विष्णू यांच्या तोंडून पुढं सरकणारं कथानक. आपल्या पुण्यातल्या लोकांनी केलेलं काम कन्सोलवर, आपल्या घरच्या टीव्हीवर पाहताना मला फार आनंद झाला. लॉकडाऊन सैल झाल्यावर पुतण्यासाठी दादानं जुना प्लेस्टेशन घेतला होता, त्यावर दिवाळीत आम्ही तो लावला.

पुतण्या दहा मिनिटांत वैतागला. ‘‘आत्या, लॅग मारतोय.’’ मी बघितलं तर गेम छान चालला होता. दादा म्हणाला, ‘‘व्होल्टेज कमी असंल. मोटारी चालू झाल्यात.’’ शेतीच्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे ट्यूब मंदावते हे खरं आहे. पण स्टॅबिलायझरमागचा टीव्ही एक तर चालतो नाही तर बंद पडतो, व्होल्टेजनं तो उशीर करत नाही.

मोजायला माझ्याकडे फोन होता. त्याचा स्लो मोशन सेकंदाला 240 चित्रं काढतो, म्हणजे एक चित्र 4.2 मिलिसेकंदांचं. पोह्यांच्या स्टीलच्या डब्याला फोन टेकवला, एकाच चौकटीत पुतण्याचा अंगठा आणि टीव्ही दोन्ही येतील असा. त्याला उभ्या जागी उड्या मारायला सांगितल्या. मग व्हिडिओ एकेक चित्र पुढं सरकवत मोजायचं: अंगठ्यानं बटण पूर्ण दाबलं ते चित्र, आणि राजीचा पाय उचलला ते चित्र. मध्ये चाळीसच्या आसपास चित्रं. म्हणजे 165 मिलिसेकंद, सेकंदाचा सहावा भाग. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरले. ‘गेम मोड’ तिसऱ्या मेनूत दडलेला होता. तो लावला आणि पुन्हा मोजलं: बावीस. म्हणजे 92 मिलिसेकंद. गेम तोच, कन्सोल तोच, अंगठाही तोच. 70 मिलिसेकंदांहून जास्त उशीर निव्वळ टीव्हीचा होता. पुतण्याला मी आकडे सांगितले नाहीत. गेमचा रिमोट हातात दिला. दोन उड्या मारून तो नुसता ‘‘हां’’ म्हणाला आणि पुढं खेळत राहिला.

आवाजाचा उशीर वेगळा निघाला. दादानं टीव्हीला ब्लूटूथचा साउंडबार जोडला होता. राजी जमिनीवर उतरायची आणि पावलाचा आवाज मागून यायचा. एरवी आवाज उशिरा येणं आम्हाला नवं नाही. आषाढीत तुकोबांची पालखी आमच्याच रस्त्यानं जाते, अंथुर्ण्यात मुक्काम असतो आणि बेलवाडीला गोल रिंगण. रिंगणाच्या पल्याड, शंभर मीटरवर उभ्या वारकऱ्याचे टाळ मिटलेले आधी दिसतात, आवाज जवळजवळ तीन दशांश सेकंदानं येतो. ते खटकत नाही, कारण माणूस लांब आहे हे डोळ्याला दिसत असतं. टीव्ही मात्र दोन हातांवर असतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची प्रसारणासाठीची शिफारस सांगते की आवाज चित्राच्या 45 मिलिसेकंद पुढं किंवा 125 मिलिसेकंद मागं गेला की प्रेक्षकाला कळायला लागतं. पण ते नुसतं बघणाऱ्याचं. ज्यानं स्वतः बटण दाबलंय त्याचा हात आवाजाची वाट बघत असतो, तो याहून कमी फरकानंही अडखळतो. साउंडबार वायरनं जोडला आणि पाऊल जागेवर आलं.

मग प्रश्न आला आवाजाच्या पातळीचा. घरच्या कन्सोलसाठी सोनीच्या ध्वनितज्ज्ञांच्या गटानं सरासरी पातळी उणे 23 एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) सुचवली आहे, दोन इकडं-तिकडं. हातातल्या कन्सोलसाठी उणे 18, म्हणजे जास्त मोठी, कारण तो गोंगाटात खेळला जातो. हा भेद अगदी योग्य आहे. पण आमच्या बाहेरच्या खोलीत डोक्यावर पंखा, दारात ऊस भरलेले ट्रॅक्टर, त्यांवर लावलेली गाणी, स्वयंपाकघरात मिक्सर. हे घर असलं तरी तिथं घरची पातळी पुरत नाही. संवाद ऐकू यावेत म्हणून वहिनीनं आवाज वाढवला आणि पुढच्याच मारामारीत आई दचकून बाहेर आली. शांत आणि मोठ्या आवाजांतलं अंतर कमी करणारा पर्याय काही गेममध्ये असतो. तो प्रत्येक गेममध्ये हवा, आणि त्याला ‘डायनॅमिक रेंज’ असं नाव न देता ‘गोंगाटाची खोली’ असं दिलं तर लोक तो लावतील तरी.

हातातल्या कन्सोलवर याच्या उलट अडचण येते. पुढं एका गेममध्ये मोठ्या राक्षसाचं पाऊल होतं. ऑफिसच्या मोठ्या स्पीकरवर जमीन हादरायची. हातात धरून खेळलं तर राक्षस आवाज न करता चालायचा, कारण आवाजाचा सगळा जीव 60 हर्ट्झच्या आसपास आणि छोट्या स्पीकरला तेवढं खाली उतरताच येत नाही. आवाज वाढवून काही होत नव्हतं. मी सुचवलं की त्या पावलात वरचे पट मिसळा, 120, 180, 240. मूळ सूर वाजला नाही तरी त्याचे पट ऐकले की मेंदू मूळ सूर स्वतः भरून काढतो. त्यांनी तसं केलं. आता राक्षस हातातही जड वाटतो, आणि तो मागून येतोय हे खेळणाऱ्याला वेळेत कळतं.

आवाजाची तपासणी शेवटच्या आठवड्यात ढकलली जाते, याचा मला मनापासून राग येतो. चित्रातला दोष मीटिंगमध्ये पडद्यावर सगळ्यांना दिसतो. आवाजातला दोष लॅपटॉपच्या स्पीकरवर कुणालाच ऐकू येत नाही, मग तो ‘किरकोळ’ ठरतो. कप्पीचा टकही आधी किरकोळच ठरला होता, आणि तोच चित्राच्या अडखळण्याचा पत्ता देत होता. आवाजाचं काम वेळेच्या बाबतीत सर्वांत काटेकोर असतं. म्हणून गेम आतून कुठं ओढला जातोय हे तिथं सर्वांत आधी ऐकू येतं. पहिल्या खेळता येण्याजोग्या बिल्डपासून कुणीतरी हेडफोन लावून बसलं पाहिजे.

गावाहून परत आल्यावर आमच्या तपासणीच्या यादीत मी काही ओळी घातल्या. ऑफिसात आता एक स्वस्तातला टीव्ही आहे, तो कारखान्यातून आला त्याच सेटिंगवर ठेवायचा. प्रत्येक बिल्ड त्यावर एकदा, पंखा पूर्ण वेगात लावून. सेव्ह होत असताना मेन स्विच बंद करून पाहायचा, एकदाच नाही, सेव्हच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. नवी नोंद पूर्ण लिहून झाल्यावरच जुनी पुसणारा गेम यातून सुखरूप निघतो, जुनीवरच लिहीत सुटणारा निघत नाही. आणि शेवटची ओळ: चित्र व आवाज यांचा उशीर खेळणाऱ्याला स्वतः जुळवता येईल असा पडदा गेममध्ये आहे का? तालावर चालणाऱ्या गेममध्ये तो बहुतेक असतो, प्लॅटफॉर्म गेममध्ये फार क्वचित. ‘आमचा गेम तालाचा नाही’ असं उत्तर स्टुडिओंकडून येतं. मग मी चाळीस आणि बावीस चित्रांचे ते दोन व्हिडिओ जोडून बग पुन्हा उघडते.